माझा बॉस, वय वर्षं साडेचार

माझा बॉस साडेचार वर्षांचा आहे. उंची साडेतीन फूट, आवडता रंग पिवळा, नावडता आवाज मिक्सरचा. बॉसला केबिन नाही. चिंचवडमधल्या एका वन बीएचकेच्या हॉलमध्ये, खिडकीखाली अंथरलेली निळी चटई हेच आमचं ऑफिस. वेळ सकाळी दहा ते बारा. पहिल्या दिवशी मी गुडघ्यांवर बसून, जमेल तितक्या गोड आवाजात 'हाऽऽय' म्हटलं. बॉसने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. इंटरव्ह्यू संपला!

हो, हीच नोकरी आहे माझी. पदाचं नाव बिहेवियर टेक्निशियन. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मावशीने अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे एसी पण बघतेस का गं?" तिची काहीच चूक नाही. आमच्या पिंपरी-चिंचवडात टेक्निशियन म्हटलं की आयटीआय, पाना आणि निळा युनिफॉर्मच डोळ्यांपुढे येतो. माणसाच्या वागण्याचाही टेक्निशियन असतो, ही भानगड कुणी ऐकलेलीच नसते.

तर भानगड अशी. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांना मागणं, थांबणं, बोलणं, दात घासणं अशा गोष्टी छोटे छोटे तुकडे करून शिकवायची एक पद्धत आहे. अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, शॉर्टमध्ये एबीए. प्लॅन सुपरवायझर करतात आणि रोज चटईवर बसून तो राबवतो तो टेक्निशियन. अमेरिकेत या कामासाठी २०१४ पासून रीतसर सर्टिफिकेट आहे, त्याचं ट्रेनिंग चाळीस तासांचं. ते देणाऱ्या बोर्डाने २०२३ पासून भारतातले नवे अर्ज घेणं थांबवलं. त्यामुळे माझ्याकडे ट्रेनिंग आहे, फ्रेम करायला कागद नाही. परीक्षा आमच्या सुपरवायझर मॅडम घेतात. रोज.

त्याआधी सहा वर्षं मी चाकणला होते, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. पहाटे आकुर्डीहून कंपनीची बस, चाकणच्या तळेगाव चौकातलं ते जगप्रसिद्ध ट्रॅफिक, मग दिवसभर गेज, चेकशीट आणि रिजेक्शनचे ढीग. नोकरी वाईट नव्हती. पण भाच्याला ऑटिझम आहे हे कळलं त्या वर्षी आमच्या घराला सगळ्यात जास्त आधार झाला तो त्याच्याकडे रोज येणाऱ्या तेवीस वर्षांच्या एका मुलीचा. ती जमिनीवर बसून त्याच्याशी जे काही करायची, ते मला काहीतरी ओळखीचं वाटायचं. ती सारखी काहीतरी मोजायची! मोजायचं कसं हे तर मला येत होतंच. निदान तसा माझा समज होता.

आता थोडे फंडे. घाबरू नका, तुमच्या ऑफिसातही उपयोगी पडतील.

पहिला फंडा ए-बी-सीचा. कुठल्याही वागण्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं, तो ए. मग ते वागणं, बी. आणि त्यानंतर लगेच जे घडतं तो सी. टेक्निशियनने तीन रकान्यांत हे लिहायचं, आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. 'चिडला' असं लिहायचं नाही, चिडला हा आपला अंदाज. 'प्लेट फेकली' हे वागणं. 'हट्टी', 'लाडावलेला', 'मुद्दाम करतो' हे शब्द तर शीटवर चक्क बॅन. ऑग्डन लिंड्सली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक भन्नाट कसोटी काढली. मेलेला माणूस जे करू शकतो ते वागणं नव्हे! म्हणजे 'शांत बसेल' हे मुलासाठी ठेवायचं ध्येयच नाही, कारण शांत बसणं मेलेल्या माणसाला सगळ्यात झकास जमतं. हे ऐकून मी ट्रेनिंगमध्ये खो खो हसले होते. ही कसोटी पुढे माझ्याच अंगावर येणार होती, तेव्हा माहीत नव्हतं.

दुसरा फंडा रीइन्फोर्समेंटचा. आपल्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याला प्रबलन म्हणतात. एखाद्या वागण्यानंतर जे मिळाल्यामुळे ते वागणं पुढे वाढतं, ते प्रबलन. यातली गोम अशी की बक्षीस कुठलं हे देणारा ठरवत नाही. बॉससाठी मी पहिल्या आठवड्यात चॉकलेटं, फुगे, टाळ्या सगळं आणलं. बॉसने चॉकलेट चटईला पुसलं. मग एक दिवस माझ्या बॅगेच्या तळाला एक बेअरिंग सापडलं, ६२०५ नंबरचं, दोन्ही बाजूंनी सील असलेलं, मुठीत मावेल एवढं. कंपनीत टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवायचे. बॉसने ते उचललं, बोटाने फिरवलं, कानाला लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून माझ्याकडे त्याला द्यायला काहीतरी होतं. चाकणने मला सहा वर्षांत जे दिलं त्यातली सगळ्यात मौल्यवान वस्तू ही.

प्रबलन काहीतरी मिळाल्यानेच होतं असंही नाही, नको असलेलं काहीतरी टळल्यानेही होतं. गाडीत सीटबेल्ट लावेपर्यंत ते टूं टूं डोकं उठवतं. बेल्ट लावला की बंद. आवाज थांबला म्हणून बेल्ट लावण्याची सवय पक्की होते. आणि हे सगळं नकळत, दोन्ही बाजूंनी चालू असतं. रात्री अकराला आलेल्या मेलला तुम्ही पाच मिनिटांत उत्तर देता. साहेबांना रात्री अकराला मेल करायची सवय लागते. ती लावली कुणी? बसा विचार करत.

तिसरा फंडा एक्स्टिंक्शनचा. ज्या वागण्याला आधी काहीतरी मिळत होतं, ते मिळणं बंद झालं की वागणं हळूहळू विझतं. पण विझण्याआधी ते भडकतं. ऑफिसच्या कॉफी मशीनचं बटण दाबलं आणि कॉफी आली नाही, तर तुम्ही सभ्यपणे परत जागेवर जाता का? नाही. पुन्हा दाबता, जोरात दाबता, मशीनला एक थाप देता. त्या भडक्याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. त्या थापेनंतर कॉफी आली, तर उद्यापासून थेट थापच.

तर आता बॉसबद्दल.

बॉस किंचाळायचा. किंचाळणं वाढलं की स्वतःचाच हात चावायचा, अंगठ्याखालचा मांसल भाग. तिथे कायम एक लालसर वळ. शेजारी म्हणायचे लाडावलाय. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा 'समजावून सांगत चला' असा सल्लाही दिला होता. लोकांचं तरी काय घ्या, १९९५च्या अपंगत्व कायद्याच्या यादीतसुद्धा ऑटिझम नव्हता. तो आला थेट २०१६च्या कायद्यात.

माझं काम होतं तीन आठवडे फक्त मोजायचं आणि ए-बी-सी लिहायचं. त्यावरून मॅडम ठरवणार की या किंचाळण्याने बॉसला मिळतं काय. लक्ष मिळतं? वस्तू मिळते? काम टळतं? की किंचाळणं हेच त्याला आतून बरं वाटतं? उत्तराप्रमाणे उपाय बदलतो. हे पहिलं पाऊल चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

आता माझा गुन्हा. सेशनमध्ये माझे दोन्ही हात बॉसमध्ये गुंतलेले असायचे. शीट भरणार कधी? मग मी ती परतताना रिक्षात भरायची. आठवून आठवून. सोमवार ९, मंगळवार ८, बुधवार ९, गुरुवार... असेल ८. ए च्या रकान्यात 'आई स्वयंपाकघरात', बी मध्ये 'किंचाळला', सी मध्ये 'आई आली'. एकूण शीट दिसायला एकदम सुबक. रिक्षावाल्याकडे सुटे नसले की दोन ओळी जास्त भरून व्हायच्या.

मॅडमनी शीटवरून निष्कर्ष काढला की याला आईचं लक्ष हवंय. बाकी वेळी भरपूर लक्ष द्या, किंचाळला की दुर्लक्ष करा. शीटमध्ये जे होतं त्यावरून हा निष्कर्ष अगदी बरोबर होता. आम्ही सुरू केलं. वहिनींना मी छान समजावलं, "वहिनी, आधी वाढेल, मग कमी होईल. पुस्तकात तसंच आहे."

वाढलं. पाचव्या दिवशी तो अकरा मिनिटं सलग किंचाळला आणि बाराव्या मिनिटाला वहिनींचा धीर सुटला. त्या आतून धावत आल्या. नवव्या दिवशी बॉसने हात इतका चावला की कातडी फाटली. वहिनींनी हळद दाबली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज अगदी कुजबुजल्यासारखा. "ताई, असं किती दिवस?"

मी त्या दिवशी रिक्षात काही लिहिलं नाही. मॅडमना फोन केला.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. त्यांनी बॉसकडे नंतर बघितलं, आधी माझ्या शीट्स मागितल्या आणि फरशीवर ओळीने मांडल्या. दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या.

"ही कधी भरलीस?"

"सेशननंतर."

"किती नंतर?"

मी गप्प. कारण मॅडमना काय दिसतंय ते मलाही दिसायला लागलं होतं. एकच पेन, एकच तिरपेपणा, आणि आकडे आठ-नऊ, आठ-नऊ. चाकणला हेच तर काम होतं माझं! लाईनवर दर तासाला मोजमाप घेऊन शीटवर लिहायचं असतं, आणि काही ऑपरेटर शिफ्टच्या शेवटी एकदम आठ तासांचे आकडे भरतात. ते ओळखायची खूण सोपी असते, आकडे फार शहाण्यासारखे वागतात. मी एकाला त्यावरून लेखी तक्रारीत अडकवलं होतं. त्याचा तेव्हाचा चेहरा मला त्या फरशीवर स्पष्ट आठवला.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "अगं, तू आकडे लिहिले नाहीस, आठवणी लिहिल्यास. आठवणीत मोठा आवाज राहतो, बाकीचं गळतं. आणि मी एकदाही इथे येऊन न बसता त्यावर प्लॅन केला." दुर्लक्षाचा प्रकार त्याच क्षणी बंद झाला. मी वहिनींना खरं काय ते सांगितलं. शीट मी नीट भरली नव्हती, त्यामुळे हे नऊ दिवस तुमच्या मुलाने सोसले. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चहा टाकते." तो चहा घशाखाली उतरवणं फार जड गेलं.

त्या रात्री मी एबीएबद्दल जे वाचायचं टाळत होते ते वाचत बसले. ऑटिझमच्या मुलांवर ही पद्धत गाजवली ती कॅलिफोर्नियातल्या आयव्हार लोव्हास यांनी. त्यांच्या १९८७च्या निबंधात आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं इतर मुलांसारखी शाळेत जाऊ लागल्याचं आहे, आणि जगभरचे आईवडील त्या आकड्यावर झेपावले. पण त्यांच्याच १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत मुलांना थपडा होत्या, विजेचे झटकेही होते. आज मोठे झालेले ऑटिस्टिक लोक विचारतात की आम्हाला शिकवलंत की फक्त गप्प केलंत? नऊ दिवस एका मुलाचं ओरडणं ऐकू न आल्याचं नाटक करून आलेल्या मला या प्रश्नाला झटकून टाकता येईना. मेलेल्या माणसाची कसोटी आठवली. आमच्या प्लॅनमध्ये बॉसने काय करावं याचा एक शब्द नव्हता. त्याने काय करू नये, एवढंच होतं.

पुन्हा मोजणी. या वेळी खरी. मॅडमनी युक्ती सांगितली, डाव्या खिशात राजमा ठेव. किंचाळला की एक दाणा उजव्या खिशात. हात रिकामे राहतात, आकडा चुकत नाही. चटईच्या कडेला मास्किंग टेपची पट्टी, तिच्यावर वेळ आणि दोन शब्द. पहिल्याच दिवशी कळलं की माझा 'आई आली' हा रकाना अर्धवट होता. आई येत होती ती हातात मोबाईल घेऊन. लावूनच आणायची, गाणं सुरू. बॉस आईकडे बघतही नसे, मोबाईल घ्यायचा आणि शांत. तीन आठवडे हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि माझ्या शीटवर त्यातला एक शब्द नव्हता.

पण आकडे? ते तर आता वेड्यासारखे वागायला लागले. एक दिवस २, एक दिवस १५. सोमवार ते शनिवारची सरासरी काढली तर काही अर्थच लागेना. आठवड्याच्या अधेमधे आकडा टुणकन वर जायचा आणि तसाच खाली यायचा. मी ग्राफ काढला, उलटा करून बघितला, जेवणाशी जोडला, झोपेशी जोडला. शून्य.

मग एका गुरुवारी बॉसचे बाबा हॉलमध्ये बसून पेपर वाचत होते. वहिनी म्हणाल्या, "आज सुट्टी ना यांना." आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. गुरुवार! आमच्या या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. म्हणजे कामगाराचा आठवडा शुक्रवारी सुरू होऊन बुधवारी संपतो. शिफ्ट बदलते ती गुरुवारनंतर. सहा वर्षं मी स्वतः त्याच आठवड्यात जगले होते, आणि ग्राफ काढताना मात्र कॅलेंडरवाल्यांचा सोमवार धरून बसले होते.

"वहिनी, दादांच्या शिफ्ट कुठे लिहिलेल्या असतात का?"

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. कालनिर्णय. दुधाच्या खुणांशेजारी, प्रत्येक शुक्रवारी, बारीक अक्षरात: फर्स्ट. नाईट. सेकंड. गेल्या कित्येक महिन्यांचा अचूक, रोजच्या रोज भरलेला रेकॉर्ड. माझ्या डोक्यापासून तीन फुटांवर!

मी ग्राफवर दर गुरुवारी एक उभी रेघ मारली. बास. नाईटच्या आठवड्यात आकडे बारा ते सतरा. सेकंडच्या आठवड्यात दोन-तीन. दादा दुपारी कामावर निघेपर्यंत घरी असायचे, जागे, मुलाला खांद्यावर घेऊन गॅलरीत. फर्स्टच्या आठवड्यात मधलेच काहीतरी, कधी पाच, कधी नऊ.

नाईटच्या आठवड्यात काय होत होतं ते वहिनींनी मग सांगितलं. मी कधी विचारलंच नव्हतं. दादा सकाळी घरी येणार, नऊला झोपणार. बेडरूमचं ते बंद दार! मला आपलं वाटायचं की आत पसारा असेल म्हणून लावून घेतात. त्या दाराआड एक माणूस झोपायचा प्रयत्न करत होता, आणि हॉलमध्ये त्याची बायको कुजबुजत स्वयंपाक करत होती. "प्रेसवर काम आहे यांचं," वहिनी म्हणाल्या. "झोप नाही झाली आणि तिकडे हात गेला तर? मग देते मोबाईल. काय करू?" प्रेस शॉपमध्ये एका क्षणाच्या डुलकीने बोटांचं काय होतं ते मी चाकणला पाहिलंय. यावर 'दुर्लक्ष करा' असं सांगणारी मी कोण?

आता सगळे रकाने भरले. ए, बाबा आत झोपलेत, घरात सगळे गप्प, कुणी खेळत नाही. बी, किंचाळणं. सी, चार सेकंदांत मोबाईल. आणि तो सीटबेल्टचा फंडा आठवतोय ना? वहिनींच्या बाजूने बघा. मोबाईल दिला की टूं टूं बंद, नवरा झोपलेला, बोटं शाबूत. मुलाने आईला मोबाईल द्यायला शिकवलं होतं, आईने मुलाला किंचाळायला. दोघांनी एकमेकांचं पक्कं ट्रेनिंग केलं होतं आणि दोष कुणाचाच नव्हता. जमलं तर शिफ्टच्या चार्टला द्या.

बरं, बाकीच्या दोन आठवड्यांत मोबाईल कधी मिळायचा, कधी नाही. यानेच सवय हाडात मुरते. याची गोष्ट स्किनर यांनीच सांगून ठेवली आहे, तेच ते उंदरांच्या पेटीवाले शास्त्रज्ञ. उंदराने दांडा दाबला की खाण्याची एक गोळी, असा प्रयोग. गोळ्या ते स्वतः हाताने बनवायचे. एका शनिवारी दुपारी त्यांच्या लक्षात आलं की गोळ्या सोमवारपर्यंत पुरणार नाहीत. मग काटकसर म्हणून ते दर दाबण्याला गोळी न देता मिनिटाला एकच द्यायला लागले. उंदीर दांडा दाबतच राहिले! पुढे कळलं की अशी अधूनमधून बक्षीस मिळालेली सवय, बक्षीस पूर्ण बंद झाल्यावरही, रोज मिळणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. आमच्या बॉसच्या बाबतीत गोळ्यांची काटकसर कंपनीचं शिफ्ट वेळापत्रक करत होतं. त्यावर आमचे नऊ दिवस म्हणजे कॉफी मशीनला बसलेली ती थाप. पाचव्या दिवशी अकरा मिनिटांनी वहिनी आल्या, तेव्हा त्यांच्या हातात मोबाईल होता.

नवा प्लॅन मॅडमनी हॉलमध्ये बसूनच केला, वहिनी आणि दादा दोघांना समोर बसवून. कल्पना जुनीच आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोघांनी १९८५ साली दाखवलं होतं की मूल ज्यासाठी दंगा करतं ते मागायचा सोपा रस्ता शिकवला, तर दंगा कमी होतो. आम्ही एक कार्ड बनवलं, पिवळ्या कागदावर मोबाईलचं चित्र, लॅमिनेट करून. कार्ड हातात दिलं की मोबाईल. लगेच.

वहिनी गोंधळल्या. "म्हणजे द्यायचाच?"

"द्यायचाच," मॅडम म्हणाल्या. "फक्त तो ओरडायच्या आधी. पहिले काही दिवस वीस वेळा मागितला तरी वीस वेळा."

दादा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मग नाईटला पण करा. मी कानात कापूस घालीन."

शिकवणं हे खरं टेक्निशियनचं काम, आणि ते जाम बोअर असतं, खोटं कशाला बोलू. मी बॉसच्या मागे बसायची, त्याचा हात धरून कार्ड उचलायला लावायची, वहिनी समोर हात पसरून, कार्ड हातात पडलं की मोबाईल. या हात धरण्याला प्रॉम्प्ट म्हणतात, आणि तो दिला त्या दिवसापासून काढून घ्यायची तयारी ठेवायची असते, नाहीतर मूल कार्ड शिकत नाही, तुमच्या हाताची वाट बघायला शिकतं. दोन दिवसांनी हात न धरता फक्त मनगटाला आधार. मग कोपराला नुसता स्पर्श. मग लांबून बोट. पुढे बोटही नाही. दिवसाला तीसेक वेळा.

दुसरं कार्ड माझ्या हट्टाने आलं. लाल, त्यावर 'नको'चं चित्र, पंजा. ते दिलं की मी जे काही करत असेन ते थांबवायचं. मॅडम हसल्या, पण हो म्हणाल्या. बॉसने ते पहिल्यांदा वापरलं ते माझ्या गाण्यावर. मी 'चांदोबा' म्हणत होते. ओळीच्या मधोमध लाल कार्ड माझ्या मांडीवर. मी थांबले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, खरंच थांबते का ते. दहा सेकंद. मग बेअरिंग उचलून फिरवायला लागला.

अकराव्या दिवशी, नाईटचा आठवडा चालू असताना, दार बंद, घर चिडीचूप. बॉस उठला. मला वाटलं आता सुरू होणार. माझा हात राजम्याच्या खिशात गेला. तो चटईच्या कडेला गेला, पिवळं कार्ड उचललं, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन वहिनींच्या पायावर आपटलं आणि म्हणाला, "दे."

कार्ड आम्ही शिकवलं होतं. 'दे' नाही.

वहिनींनी मोबाईल दिला, आणि ओट्याला टेकून तोंडावर पदर दाबला. आवाज होऊ नये म्हणून.

चमत्कार वगैरे काही झालेला नाही. किंचाळणं आहे, नाईटच्या आठवड्यात तीन-चार दाणे अजूनही उजव्या खिशात जातात. आता थांबायला शिकवणं चालू आहे. कार्ड दिलं की आधी बेअरिंग, पाच सेकंद, मग मोबाईल. मग दहा. सध्या चाळीसवर आलोय. पन्नासला एकदा गेलो तर बॉसने लाल कार्ड दिलं आणि मी परत चाळीसवर आले. दादांनी कंपनीत जनरल शिफ्ट मागून बघितली, मिळाली नाही. मी त्या जुन्या ऑपरेटरचा नंबर शोधला. अजून फोन केलेला नाही.

शीट आता सेशनमध्येच भरते. आकडे वेडेवाकडे असतात, टेपची पट्टी कपड्याला चिकटून घरी येते, राजमा वॉशिंग मशीनमध्ये सापडतो, त्यावरून आई रोज बोलते. पिवळ्या कार्डाचा एक कोपरा बॉसने चावून काढलाय. नवं लॅमिनेशनला टाकलंय, चिंचवड स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे. उद्या मिळेल म्हणाला. बॉसची मंजुरी बाकी आहे.